बाळाचं नाव : आर्या



अमेरिकेत बाळाचं नाव ठेवायला बाराव्या दिवसाची सवड मिळत नाही. हॉस्पिटलमधून घरी जाण्याआधीच जन्मदाखल्याचा फॉर्म समोर येतो आणि त्यावरच सोशल सिक्युरिटी नंबरसाठीही खूण करायची असते. बारसं नंतर सावकाश होतं, पण नाव तोवर सरकारदरबारी लागलेलं असतं. त्यामुळे आई-बाबा आधीपासूनच याद्या करायला बसतात. गेल्या काही वर्षांत या याद्यांमध्ये हटकून दिसणारं एक नाव म्हणजे आर्या. त्याबद्दल जमवलेली ही माहिती, येऊ घातलेल्या बाळांच्या घरांसाठी.

आधी अर्थ. 'आर्य' म्हणजे आदरणीय, सज्जन, प्रतिष्ठित. 'आर्या' हे त्याचं स्त्रीलिंगी रूप. संस्कृत नाटकात सूत्रधार नटीला हाक मारतो ती 'आर्ये' अशी. अमरकोशात पार्वतीच्या नावांमध्ये आर्या आहे आणि हरिवंशात देवीची स्तुती 'आर्या' या नावाने केलेली आहे. दिगंबर जैन परंपरेत साध्वीला आर्यिका म्हणतात. थोडक्यात, "हे कसलं नवीन फॅशनचं नाव?" असं कोणी विचारलं तर सांगायला भरपूर आहे.

सगळ्यात मजेचा भाग पुढेच आहे. संस्कृतातल्या 'आर्यक' शब्दाचं पालीत 'अय्यक' झालं आणि त्याचा अर्थ झाला आजोबा. प्राकृतात 'आर्य'चं 'अज्ज' झालं आणि त्याच वाटेने मराठीत 'आजा' आणि 'आजी' आले. म्हणजे नातीचं नाव आर्या ठेवलं की, शब्दाच्या मुळाकडे पाहिलं तर, तिला आजीचंच नाव दिल्यासारखं होतं! भारतातून बाळंतपणासाठी आलेल्या आजीबाईंना नाव पटत नसेल तर हा मुद्दा जरूर वापरावा.

दुसरा अर्थ मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असतो, पण नाव ठेवताना आठवतोच असं नाही. आर्या हे एक वृत्त आहे. अक्षरांच्या लघुगुरूच्या ठरावीक क्रमावर नव्हे तर मात्रांच्या मोजणीवर चालणारं. चार चरणांत अनुक्रमे १२, १८, १२ आणि १५ मात्रा. (आम्हा प्रोग्रामर मंडळींना अशा गोष्टी मोजायला फार आवडतात.) आर्यभटाचं इ. स. ४९९ च्या सुमाराचं 'आर्यभटीय' हे गणित आणि ज्योतिषाचं पुस्तक बहुतांशी याच वृत्तात आहे. सातवाहन राजा हालाच्या नावाने ओळखली जाणारी 'गाथासप्तशती' महाराष्ट्री प्राकृतात आहे आणि तिची गाथा म्हणजे आर्येचंच प्राकृत भावंडं. तेव्हा महाराष्ट्राच्या मातीत हे वृत्त मराठी भाषेइतकंच, किंबहुना तिच्याही आधीपासून, रुजलेलं आहे. पुढे बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९ ते १७९४) ते मराठीत इतकं घोटलं की आर्या म्हटलं की मोरोपंतच आठवावेत. जाणकार सांगतात की त्यांच्या बहुतेक आर्या काटेकोरपणे पाहिल्या तर 'गीति' आहेत, म्हणजे शेवटच्या चरणातही १८ मात्रा. असो.

आता लोकप्रियतेकडे वळू. इथे दोन स्वतंत्र गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. महाराष्ट्रात २००८-०९ मध्ये झी मराठीवर 'सा रे ग म प लिटल चॅम्प्स' झालं आणि त्यातल्या पाच मुलांपैकी आर्या आंबेकर घराघरांत पोचली. दुसरीकडे, जॉर्ज मार्टिन यांच्या १९९६ च्या कादंबरीतली आर्या स्टार्क एप्रिल २०११ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेतून अमेरिकन घरांत आली. या आर्येचा संस्कृतशी काही संबंध असल्याचं कादंबरीत कुठेही नाही.

सोशल सिक्युरिटी खातं दर वर्षी नावांचे आकडे जाहीर करतं. ही पद्धत तिथल्याच मायकेल शॅकलफर्ड नावाच्या एका विमागणितज्ञाने १९९७ मध्ये सुरू केली. या आकड्यांनुसार मुलींच्या पहिल्या हजार नावांत आर्या २०१० मध्ये आलं, म्हणजे मालिकेच्या एक वर्ष आधी! तो श्रेय आपल्या लोकांना द्यावं की कादंबरीच्या वाचकांना, हे आकड्यांवरून ठरत नाही, कारण यादीत फक्त स्पेलिंग असतं, आई-बाबा कुठले हे नसतं. त्यानंतरची उडी मात्र मालिकेचीच. २०११ मध्ये ७११ वा क्रमांक होता, तो २०१२ मध्ये ४१३ वर आला. २०१८ मध्ये २,५४५ मुलींचं नाव आर्या ठेवलं गेलं आणि क्रमांक होता ११९. त्याच मालिकेतलं 'खलीसी' हे नाव त्या वर्षी ५६० मुलींना मिळालं. त्या बिचाऱ्यांपेक्षा आपल्या आर्या सुखी.

याचा व्यवहारात फायदा असा की शिक्षिकेला नाव एकदाच सांगावं लागतं. तोटा असा की "मालिकेवरून ठेवलं का?" हा प्रश्न मुलीला ऐकावा लागतो. मालिका २०१९ मध्ये संपली, त्यामुळे आता तोही कमी होईल. मला विचाराल तर मुलीला सहा-सात वर्षांची झाल्यावर आजीची आणि मोरोपंतांची गोष्ट सांगून ठेवावी, उत्तर तयार राहतं.

खरा घोळ स्पेलिंगचा. ए-आर-वाय-ए असं लिहिलं तर 'आर्य' आणि 'आर्या' दोन्ही तसंच दिसतं. इराणी कुटुंबांत हे मुलग्याचं नाव आहे आणि तमिळ सिनेमात आर्या नावाचा नायक आहे. सुरुवातीला दोन ए घातले तर मराठी उच्चार जवळ येतो, पण मग आयुष्यभर "डबल ए" सांगत बसावं लागतं. वायच्या जागी आय घातला की 'आरिया' होतं. तो इटालियन शब्द, ऑपेरातलं एकट्याने गायचं गाणं. अमेरिकेत तेही नाव खूप चालतं आणि फोनवर आर्याचं आरिया हमखास होतं. एक वृत्त आणि एक गाणं, गोंधळ झाला तरी घराण्यातल्या घराण्यात! मात्र जे काही ठरवाल तेच जन्मदाखला, पासपोर्ट आणि ओसीआय कार्डावर अक्षरशः सारखं असू द्या. नंतर बदलायचं तर बहुतेक राज्यांत कोर्टाची पायरी चढावी लागते.

एक गंभीर मुद्दाही आहे. 'आर्यन' हा शब्द नाझींनी वंशासाठी वापरला आणि इथल्या वंशद्वेष्ट्या टोळ्या अजून वापरतात. त्यामुळे मुलग्याचं नाव आर्यन ठेवणाऱ्यांना कधीकधी चमकून पाहणारे लोक भेटतात. आमचा शब्द हजारो वर्षं जुना आहे हे खरं, पण ते दर वेळी समजावून सांगायचं काम त्या मुलालाच करावं लागतं, तेव्हा विचार करून ठरवावं. आर्या नावाला हा त्रास बराच कमी आहे, कारण ऐकणाऱ्याला आधी मालिका आठवते.

शेवटी बारशाच्या पत्रिकेसाठी. आर्या रफाराने लिहायचं, 'दर्या'सारखं, 'दऱ्या'सारखं नाही. आचार्यांना बोलावलं की आचाऱ्यांना, हा फरक जसा, तसाच हा. टाइप करताना साधा र, मग हलन्त, मग या. नुक्त्याचा ऱ घेतलात तर पत्रिका छापून आल्यावर पहिला फोन आजीचा येईल.