प्रमथनाथ बोस: बढती डावलली गेली, नोकरी सोडली आणि जमशेदपूरचं लोखंड सापडलं

टाटांचा पोलाद कारखाना मुंबई-नागपूरकडे न होता थेट आजच्या झारखंडात का उभा राहिला? याचं उत्तर २४ फेब्रुवारी १९०४ रोजी लिहिलेल्या एका पत्रात आहे. जमशेटजी टाटांना ते पत्र लिहिणारे गृहस्थ वर्षभरापूर्वीपर्यंत इंग्रज सरकारचे नोकर होते. त्यांचं नाव प्रमथनाथ बोस.

बोस यांचा जन्म १२ मे १८५५ चा, बंगालमधल्या गोबरडांगाजवळच्या गैपूर गावातला. १८७४ मध्ये गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनला गेले. तिथे विज्ञानाची पदवी घेतली आणि मग रॉयल स्कूल ऑफ माइन्समधून खाणशास्त्राचं शिक्षण पूर्ण केलं. लंडनमध्ये ते इंग्रजी राज्यकारभारावर उघड टीका करत. ही ब्याद इथून जावी म्हणूनच त्यांना भारतातली नोकरी लवकर मिळाली, असंही सांगितलं जातं.

ती नोकरी होती भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातली. १८८० मध्ये बोस तिथे असिस्टंट सुपरिंटेंडंट म्हणून रुजू झाले. तोवर या खात्यात भारतीय माणूस फार तर शिकाऊ म्हणून घेतला जाई. अधिकाऱ्यांच्या श्रेणीत आलेले बोस हे पहिले भारतीय.

हिवाळ्यात तंबू घेऊन डोंगर-जंगलं पालथी घालायची, पावसाळ्यात कलकत्त्याच्या कचेरीत बसून नकाशे आणि अहवाल तयार करायचे, असा या खात्याचा रिवाज होता. बोस यांनी नर्मदेच्या खोऱ्यात, मध्य प्रांतात, आसामात आणि ब्रह्मदेशात काम केलं. १८८७ मध्ये त्यांनी रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातल्या लोखंडावर अहवाल लिहिला. त्यात धल्ली-राजहरा इथल्या समृद्ध लोहखनिजाची नोंद होती. अहवाल छापला गेला आणि कपाटात गेला. सरकारला त्यात रस नव्हता.

१९०३ मध्ये खात्याचं संचालकपद रिकामं झालं. बोस यांची नोकरी तेव्हा २३ वर्षांची होती. पद मिळालं थॉमस हॉलंड यांना, जे खात्यात १८९० मध्ये, म्हणजे बोस यांच्यानंतर दहा वर्षांनी आले होते. हॉलंड काही सुमार माणूस नव्हते. 'चार्नोकाइट' या खडकाला नाव देणारे ते मोठे भूवैज्ञानिक होते. पण बोस भारतीय नसते तर त्यांच्या ज्येष्ठतेकडे इतक्या सहज डोळेझाक झाली असती का, हा प्रश्न उरतोच. बोस यांनी तक्रारअर्ज करत बसण्यापेक्षा नोकरीच सोडली.

त्यानंतर त्यांना ओडिशातल्या मयूरभंज संस्थानात काम मिळालं. महाराज श्रीरामचंद्र भंजदेव यांना आपल्या मुलुखातलं खनिज शोधून हवं होतं. बोस यांनी डोंगर तपासले आणि गोरुमहिसानीला लोहखनिजाचा प्रचंड साठा सापडला. लगेच त्यांनी टाटांना ते पत्र लिहिलं.

गंमत म्हणजे तिकडे टाटांची माणसं बोस यांच्याच जुन्या कामापर्यंत वेगळ्या वाटेने पोहोचली होती. दोराबजी टाटा आणि अमेरिकन तज्ज्ञ सी. एम. वेल्ड आपल्या चांदा (आताचं चंद्रपूर) जिल्ह्यात लोखंड शोधत होते, पण तिथे जमेना. शोध थांबवतोय, हे सांगायला दोराबजी नागपूरला सरकारी अधिकाऱ्याकडे गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ काढायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे भिंतीवर भूवैज्ञानिक खात्याचा रंगीत नकाशा होता आणि त्यात दुर्गच्या भागात लोखंडाची खूण गडद रंगात दिसत होती. त्यातून बोस यांचा १८८७ चा अहवाल हाती आला आणि मंडळी धल्ली-राजहऱ्याला जाऊन पोहोचली.

खनिज उत्तम निघालं. मात्र पोलादाला नुसतं खनिज पुरत नाही. दगडी कोळसा जवळ लागतो, भरपूर पाणी लागतं, रेल्वे आणि बंदर लागतं. इथे मयूरभंज सरस ठरलं: झरियाचा कोळसा आवाक्यात, कलकत्ता बंदर त्यामानाने जवळ. जमशेटजी मे १९०४ मध्ये वारले, पण दोराबजींनी काम पुढे नेलं. १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली. सुवर्णरेखा आणि खरकाई नद्यांच्या संगमाजवळ साकची गावात कारखाना उभा राहिला आणि १९१२ मध्ये पोलाद बाहेर पडलं. १९१९ मध्ये साकचीचं नाव जमशेदपूर झालं.

बोस मात्र खनिजापुरते थांबले नाहीत. स्वदेशी चळवळीच्या काळात, १९०६ मध्ये सुरू झालेल्या बंगाल टेक्निकल इन्स्टिट्यूटचे ते पहिले प्राचार्य होते. त्याच संस्थेतून पुढे जादवपूर विद्यापीठ घडलं. इतिहासकार आणि काँग्रेसचे अध्यक्ष राहिलेले रमेशचंद्र दत्त त्यांचे सासरे, तर सिनेदिग्दर्शक मधु बोस त्यांचा मुलगा. १९३४ मध्ये प्रमथनाथांचं निधन झालं.

आणि कपाटात गेलेला तो राजहऱ्याचा अहवाल? १९५९ मध्ये भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हा तिच्यासाठीचं खनिज त्याच डोंगरांतून आलं.