गाव कुणाचं, गरीब कुणाचा?

डार्मश्टाटला राहायला आलं की दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. इथे कागदांचं फार वेड आहे, असं आपण म्हणतो आणि सोडून देतो. पण ‘माणूस कुठे राहतो’ या प्रश्नावर या देशात एकेकाळी माणसाची भाकरी ठरत होती.

पूर्वी हेसे संस्थानात गरिबाला पोसायची जबाबदारी त्याच्या मूळ गावावर असे. म्हणजे गावाला गरीब हा खर्चच! डार्मश्टाटच्या पूर्वेला ग्रोस-त्सिमर्न नावाचं गाव आहे. तिथल्या सहाशेहून जास्त गरिबांना 1846 साली सार्वजनिक खर्चाने चक्क अमेरिकेला रवाना केलं. कायमचं पोसण्यापेक्षा एकदाचं जहाजभाडं स्वस्त, असा हिशेब. न्यूयॉर्कला उतरल्यावर त्यातल्या अनेकांच्या नशिबी तिथलं गरीबगृहच आलं.

पुढे कारखाने आले आणि माणसं गाव सोडू लागली. मग 1870 साली उत्तर जर्मन संघाने नवा कायदा केला आणि साम्राज्य झाल्यावर तो इथेही लागू झाला. वयाची चोवीस वर्षं पूर्ण झाल्यावर एका ठिकाणी सलग दोन वर्षं राहिलात, की मदतीची जबाबदारी त्या ठिकाणावर. समजा, ओडेनवाल्डच्या डोंगरातला एखादा मजूर डार्मश्टाटला मेर्कच्या कारखान्यात लागला. दोन वर्षं धडधाकट राहिला तर तो शहराचा. त्याआधीच आजारी पडला तर शहर तात्पुरती मदत करणार, पण बिल गावाला पाठवणार! शिवाय मदत घेतली तो काळ त्या दोन वर्षांत धरत नसत. थोडक्यात, ज्याला गरज जास्त त्याचा हक्क लांबणीवर. वर राइशटागच्या मतदानाचा हक्कही जायचा.

1908 साली दोन वर्षांचं एक वर्ष झालं. 1924 साली मुदतच गेली आणि ‘नेहमीचं वास्तव्य’ पुरेसं ठरलं. बव्हेरियाने मात्र मूळ गावाचा नियम 1916 पर्यंत सोडला नव्हता.

मुदत गेली, पण ती गावाच्या वेशीवरून. देशाच्या सीमेवर ती आहेच. युरोपीय संघातून केवळ काम शोधायला आलेल्याला 2016 च्या कायद्यानंतर साधारणपणे पाच वर्षं राहिल्याशिवाय ही मदत मिळत नाही.

आपल्याकडे तरी काय वेगळं? संजय गांधी निराधार योजनेला महाराष्ट्रात पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं. दुसऱ्या राज्यातून आलेली एखादी विधवा इथे दहा वर्षं धुणीभांडी करत असेल, तरी ती निराधार ठरत नाही. रेशनकार्ड मात्र 2019 पासून राज्याची वेस ओलांडू लागलं. सुरुवातीच्या जोड्यांत महाराष्ट्र आणि गुजरात होते.

कुणीतरी खर्च उचलायला हवा आणि त्यासाठी काहीतरी नियम हवा, हे मान्य. पण ऊसतोडीला, बांधकामावर जाणारा माणूस एका जागी राहतच नाही, कारण एका जागी त्याचं पोट भरत नाही. ‘किती वर्षं राहिलास?’ हा प्रश्न नेमका त्यालाच सगळ्यात जड जातो. जर्मनीला गावागावातला हा प्रश्न पुसायला 1924 पर्यंत थांबावं लागलं. आपण किती थांबायचं?