उलट्यांच्या मधले दिवस

आज आपण जातोय १८८२ सालच्या लंडनमध्ये.

तिथलं सेंट बार्थोलोम्यू हे जुनं हॉस्पिटल. लोक त्याला ‘बार्ट्स’ म्हणतात. तिथले डॉक्टर सॅम्युअल गी यांनी हॉस्पिटलच्या अहवालात ९ मुलांबद्दल एक लेख छापला. या मुलांना अचानक उलट्या सुरू व्हायच्या आणि मग थांबायच्या. मूल पुन्हा ठणठणीत. काही काळाने परत तेच.

उलट्या करणारं मूल समोर आलं की आपण पहिलं काय विचारतो? “काल काय खाल्लंस?” मला गी यांचं कौतुक वाटतं, कारण त्यांनी मधल्या चांगल्या दिवसांचीही नोंद केली. त्या दिवसांत आजाराची खूणही नसते, आणि ही सगळी मुलं एकाच जातीच्या दुखण्याची दिसतात, असं त्यांनी लिहिलं.

पुढे गी यांचं नाव झालं ते १८८८ मधल्या सिलिअ‍ॅक आजाराच्या वर्णनामुळे. उलट्यांचा लेख मात्र मागे पडला. १९९३ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी संघटना उभी राहिली. १९९४ मध्ये डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तीही बार्ट्समध्येच. मधे ११२ वर्षं गेली होती!

आज याला ‘सायक्लिक व्हॉमिटिंग सिंड्रोम’ म्हणतात. अर्धशिशीशी, म्हणजे मायग्रेनशी, त्याचं जवळचं नातं आहे. हा आजार नेमका पकडणारी एकही तपासणी अजून नाही. इतर कारणं वगळून, झटक्यांचा क्रम बघूनच निदान होतं. सहा महिन्यांत किमान दोन झटके, दरवेळी साधारण सारखेच, आणि मधे काही आठवडे किंवा महिने मूल नेहमीसारखं, हे डॉक्टर बघतात.

आता अडचण बघा. दरवेळी वेगळा डॉक्टर, दरवेळी “पोट बिघडलंय”. रिपोर्ट नॉर्मल आले की “शाळा बुडवायची नाटकं” हा शिक्का ठरलेला. मधले चांगले दिवस हा निदानाचा धागा, पण तेच त्या पोराविरुद्धचा पुरावा ठरतात.

म्हणून घरात असं भावंडं किंवा भाचरू असेल, तर मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक झटक्याची तारीख, वेळ आणि तो किती तास चालला ते टाका. ती यादी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि हिरवी किंवा रक्ताची उलटी, पोटात जोरात दुखणं, लघवी कमी होणं किंवा मूल मलूल पडणं यांपैकी काही दिसलं, तर यादीबिदी बाजूला ठेवा, लगेच हॉस्पिटल गाठा.