दहा उंटांचं पाणी

चपलेचे बंद आवळा, धक्का ओला आहे. कैसरियाच्या बंदरात उतरलात. साल २४५ च्या आसपासचं, पण घाम पुसताना साल कोण विचारतो? नाकात घुसलेला वास मासे नि मीठ उन्हात मुरवून काढलेल्या रसाचा. रात्री तो तुमच्याही ताटात पडेल. खारा वारा, अंगाला चिकटलेला अंगरखा, कमानींवरून कार्मेलच्या पायथ्याचं पाणी शहरात आणणारा तो लांबलचक पाट. बघत उभे राहू नका, मागून लोंढा येतोय.

आज शब्बाथ. लोंढ्याबरोबर यहुदी सभास्थानात शिरा. प्रार्थना ग्रीकमधून चाललीय, इथे ते खपतं. खांद्याला खांदा लागलाय, लसणाचा दर्प थेट तोंडावर. शेजारची बाई दणकट, हाताला घट्टे. घरोघरी पाणी भरते. रब्बी शास्त्रातल्या रिबकेची गोष्ट खुलवतायत. इसहाकासाठी मुलगी शोधत आलेल्या चाकराला तिनं पाणी पाजलं, त्याच्या १० उंटांनाही. इतर बायका खाली उतरून घडा भरतात, पण हिला पाहताच पाणीच वर आलं! आणि देव म्हणाला, तुझ्या लेकरांसाठीही ते असंच वर येईल. सभेला गहिवरून येतं. बाई पुटपुटते, "नशीब लागतं."

रविवारी चर्चमध्ये पुन्हा तीच बाई! इथे प्रवचन देणाऱ्या ओरिजेनला हे मुळीच आवडत नाही. काल तिथे ऐकलेलं आज इथे आणू नका, म्हणून तो दटावतो. साठीतला माणूस, आवाज मात्र खणखणीत. लेखनिकांची बोटं भराभर चालतायत. आजही रिबकाच. पण ओरिजेनची रिबका म्हणजे जीव, नि विहीर म्हणजे शास्त्र. ती रोज पाण्याला यायची म्हणून तिची चाकराशी गाठ पडली. तुम्ही सणावारी तोंड दाखवता! लोक माना खाली घालतात. विद्वत्ता अफाट, मान्य; पण त्याच्या हातात घड्याचं वजनच उरत नाही. मला विचाराल तर रब्बींचं ते अदबशीर पाणी जास्त आवडतं.

शेजारणीला दोन्ही पटलेलं नाही. "पाणी वर आलं असेल पहिल्या घड्याला," ती तुमच्या कानाशी लागते, "उंटांसाठी तिनंच धावून धावून उपसलं. तसंच लिहिलंय."

हिशेब करा. तहानलेला उंट एका बैठकीत १०० लिटरसुद्धा रिचवतो. घडा १० लिटरचा धरला, तरी १० उंटांच्या शंभर खेपा.

"आणि तो बाप्या?" तिचा आवाज चढतो. "बरोबर माणसं होती, तरी गप्प उभा राहून बघतोय, मुलगी पसंत करायची की नाही!"

प्रवचन थांबतं. ओरिजेन तुमच्याच कोपऱ्याकडे बघतोय. मान वळवू नका, ओरडा तुम्हालाही बसणार आहे.