ओव्हरक्लॉकिंग
संगणकाचा प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड किंवा रॅम उत्पादकाने ठरवलेल्या वारंवारतेपेक्षा अधिक वेगाने चालवणे. वीजवापर वारंवारतेच्या प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० टक्के जादा व्होल्टेज म्हणजे सुमारे २१ टक्के जादा उष्णता. खरा धोका इथेच आहे. दिल्लीत मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो. खोली १० अंशांनी तापली की चिपही जवळपास तेवढीच तापते. पुण्याच्या हिवाळ्यात स्थिर चाललेला संगणक तिथे कोलमडू शकतो. म्हणून बायॉसमधून वारंवारता थोडीथोडीच वाढवावी, दर टप्प्याला तापमान पाहत ताणचाचणी घ्यावी. संगणक अडकला तर मागच्या टप्प्यावर परतावे. व्होल्टेज वाढवणे हा शेवटचा उपाय. महत्त्वाच्या फायलींची प्रत आधीच वेगळ्या डिस्कवर ठेवावी.