सुरतेची आग आणि कौलारू छपरे

सुरतेत ‘महाजन’ ही संज्ञा व्यापाऱ्यांच्या संघास लावली जात असे. गोमंतकात ती देवस्थानाचा कारभार वाहणाऱ्या कुळांस लागते. अर्थ भिन्न असला, तरी दोन्हीकडच्या महाजनांची घरे एकाच छत्राखाली नांदली. ते छत्र म्हणजे भाजलेल्या मातीचे कौल. त्याच्या टिकाऊपणाविषयी बोलताना सुरतेच्या एका दुर्घटनेचे स्मरण अपरिहार्य ठरते.

दि. २४ एप्रिल १८३७ रोजी सायंकाळी मच्छलीपीठ भागात उकळते डांबर पेटले. सुरतेची घरे त्या काळी लाकडी सांगाड्याची असत. खांब, तुळया, पुढे आलेले सज्जे आणि वासे हे सारे लाकडी, मध्ये विटांची भर आणि वर नळीची कौले. गल्ल्या अरुंद असल्याने समोरासमोरचे सज्जे जवळजवळ एकमेकांस टेकत. वाऱ्याची साथ मिळताच आग घरावरून घरावर गेली आणि ९,३७३ घरे भस्मसात झाली. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस तापीला महापूर येऊन शहर जलमय झाले. अग्नीने जे सोडले, त्याची परीक्षा पाण्याने घेतली.

भट्टीतून निघालेले कौल स्वतः जळत नाही. मग कौलारू नगरी जळाली कशी? याचे उत्तर कौलाखाली आहे. अर्धगोल नळीची कौले एकमेकांवर नुसती पालथी-उताणी रचलेली असतात. त्यांच्या फटींतून ठिणगी आत शिरते. खालच्या बांबूच्या कामट्या आणि वासे पेटले की कौलांचा आधार जातो, छप्पर खचते, आणि वर मोकळे आकाश मिळाल्याने ज्वाळांना अधिकच बळ येते. कौलाने आगीला जागा दिली नाही. ती लाकडाने दिली. आजवर कौलावर आलेला पुष्कळसा दोष हा असा परक्याचा आहे.

फटींच्या प्रश्नास उत्तर पुढे पश्चिम किनाऱ्यावरच मिळाले. एकमेकांत गुंतणाऱ्या चपट्या कौलाची रचना अल्सासमधील गिलार्डोनी बंधूंनी १८४१ मध्ये सिद्ध केली होती. त्याच धर्तीची कौले बासेल मिशनचे गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळूरनजीक जेप्पू येथे काढण्यास आरंभ केला. नेत्रावती-गुरुपूर नद्यांची चिकणमाती, यंत्राचा दाब आणि समान भाजणी यांमुळे ‘मंगळुरी कौल’ गलबतांतून बंदरोबंदर पोचले. गोमंतकातील घरांवर आणि देवालयांच्या सभामंडपांवर त्याची लाल पाखी पसरली, ती याच कौलाची.

तरीही कौलाचे आयुष्य त्याच्या भाजणीवरच ठरते. कच्चे भाजलेले कौल पाणी शोषते. मातीतील वा खाऱ्या हवेतील क्षार आत जमून स्फटिक होतात, आणि काही पावसाळ्यांतच पापुद्रे सुटू लागतात. पक्के भाजलेले कौल मात्र पिढ्यानुपिढ्या टिकते. त्याआधी थकते ते लाकूड. वळचणीकडील वाशांची टोके, भिंतीत शिरलेली तुळईची तोंडे, आणि फुटक्या कौलाखाली सदैव ओली राहणारी रीप, या जागी कसर आणि वाळवी प्रथम लागते. दर वैशाखात कौले चाळण्याचा परिपाठ होता तो यासाठी. माकडांनी सरकवलेले एक कौल वेळीच जागेवर बसले, तर खालचा वासा वाचे. तो परिपाठ सुटला आणि मग गळणाऱ्या छपराचा ठपका कौलावर ठेवून त्याजागी पत्रे आले. हा न्याय उफराटा होय.

जुने घर उतरवताना कौले एकेक करून खाली घेतली जातात, बोटाच्या पेराने वाजवून पाहिली जातात. खणखणीत वाजले ते पुन्हा चढवावयाच्या राशीत, आणि बद्द वाजले ते बाजूला.