घोडीच्या पोटातले जंत

जुन्नर-आंबेगावच्या शर्यतीच्या घाटात बैलांपुढे घोडी उधळते. सगळे तिच्या टापा पाहतात. पोटातल्या जंतांकडे कोण पाहतो?

जंतांवर पळसपापडी हा आपला जुना गावठी उपाय. १९६१ साली थायाबेंडाझोल आले, पण थोड्याच वर्षांत घोड्यांतले बारीक जंत त्याला दाद देईनात. १९८१ मध्ये जपानच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेले आयव्हरमेक्टिन जनावरांसाठी बाजारात आले. त्याचे शोधक ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले. मात्र सरसकट डोस दिले, तर हेही औषध बोथट होईल.

म्हणून आधी लीद तपासा, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध द्या. मुके जनावर दुखणे सांगत नाही, लीद सांगते.